प्रेस्क आइलला फॉल पिकनिकला येणाऱ्या मराठी मंडळींना खुलं पत्र

प्रति,
पिट्सबर्ग, क्लीव्हलँड, बफेलो आणि मधल्या गावांतल्या सगळ्या मराठी मंडळांच्या कमिट्या, आणि कमिटीत नसूनही सगळं ठरवणारे व्हॉट्सॲप ग्रुप

सप्रेम नमस्कार मंडळी,

ऑगस्ट संपत आला की पोल पडतो, फॉल पिकनिक कुठे आणि कधी. उत्तर जवळपास ठरलेलंच, ऑक्टोबरचा दुसरा नाहीतर तिसरा शनिवार, पेनसिल्व्हेनियातल्या इरीचं प्रेस्क आइल स्टेट पार्क, कारण एंट्री फुकट, पार्किंग भरपूर, मुलांना वाळू आहे आणि "कलर्स मस्त असतात". मी इरीतच राहते त्यामुळे तुम्ही आलात की मला बरंच वाटतं, एरवी इथे ग्रोसरीच्या लाइनमध्ये मराठी कानावर पडायची मारामार, आणि तुमच्या डब्यांमधली एखादी सुरळीची वडी माझ्याही वाट्याला येते. तर हे पत्र 'येऊ नका' म्हणून लिहीत नाहीये हे आधीच सांगते. जास्त वेळा या. फक्त येता तेव्हा तिथे नक्की काय चाललेलं असतं ते माहीत असू द्या, कारण तुम्ही पानं बघायला येता आणि सप्टेंबर ते नोव्हेंबर या पार्कात पानं ही सगळ्यात कमी बघण्यासारखी गोष्ट असते असं माझं स्पष्ट मत आहे. (कलर्सवाल्यांनी रागावू नये. रागावलात तरी पुढे वाचा.)

आधी जागेबद्दल थोडं. प्रेस्क आइल म्हणजे लेक इरीत घुसलेला वाळूचा एक लांबलचक दांडा आहे, साधारण ३,२०० एकर, १९२१ पासून पार्क, वर्षाला ४० लाखांच्या आसपास लोक येतात. ही वाळू एका जागी बसत नाही, पश्चिमेकडून येणाऱ्या लाटा ती उचलतात आणि पूर्वेला नेऊन टाकतात, त्यामुळे पश्चिमेकडची मान बारीक होत जाते आणि पूर्वेचं टोक, ज्याला गल पॉइंट म्हणतात, ते वाढत जातं. १९८९ ते १९९२ मध्ये बीचसमोर पाण्यात दगडांचे ५५ बांध घातले, तरी बाहेरून वाळू आणून ओतावी लागतेच. आता फोनवर नकाशा उघडा आणि समोर उत्तरेला बघा. कॅनडाचा लाँग पॉइंट दिसेल, आणि मध्ये ४०-४५ किलोमीटर नुसतं पाणी. कॅनडातून दक्षिणेला निघालेली पाखरं, फुलपाखरं, चतुर, या वाटेने येणाऱ्या सगळ्यांना हे पाणी ओलांडायचं असतं, आणि ओलांडल्यावर झाडं, बेरी, किडे असलेली पहिली कोरडी जागा म्हणजे ही. कर्जतला गाडी थांबली की खाली उतरून वडापाव घ्यायचा आणि धावत परत चढायचं, तसं यांचं चाललेलं असतं, वेळ कमी, भूक प्रचंड, आणि पुढे घाट. आणि आपण नेमके प्लॅटफॉर्मच्या मध्यभागी चटई टाकून, स्पीकर लावून बसलेले.

तारखेपासूनच सुरू करते, कारण ती दोन्हीकडून चुकते. लेक इरी पाचही ग्रेट लेक्समध्ये सगळ्यात उथळ, सरासरी खोली जेमतेम १९ मीटर, उन्हाळाभर तापतो आणि मग ऑक्टोबरभर काठाला ऊब देत राहतो, म्हणून आत डोंगराकडची झाडं लाल झाली तरी काठावरची बरीचशी हिरवीच असतात आणि तुमच्यातले निम्मे लोक "अरे कलर कुठेयत" म्हणत परत जातात. (याच उबेवर इथला द्राक्षपट्टा उभा आहे. शेजारी नॉर्थ ईस्ट नावाचं गाव आहे, तिथे सीझनला काँकर्ड द्राक्षांचा वास रस्त्यावर येतो, नाशिककरांनी वाकडी वाट करून जरूर जावं, पण थॉमसनची अपेक्षा ठेवू नये, ही जाड सालीची, ज्यूसची द्राक्षं.) आणि जे खरंच बघण्यासारखं होतं ते तोवर येऊन गेलेलं असतं.

ते म्हणजे मोनार्क. केशरी-काळं फुलपाखरू, अमेरिकेत शाळेत जाणाऱ्या प्रत्येक मराठी पोराला याची लाइफ सायकल पाठ असते, प्रोजेक्ट केलेलं असतं, पण हजारो किलोमीटर उडत चाललेलं मोनार्क बघितलंय का विचारलं तर नाही. सप्टेंबरच्या मध्यावर थंड हवेचा एखादा पट्टा येऊन गेला, वारा उत्तरेचा झाला, की ही फुलपाखरं लेक ओलांडून येतात आणि इथल्या गोल्डनरॉडवर आणि ॲस्टरच्या जांभळ्या फुलांवर तुटून पडतात, कारण अर्ध्या ग्रॅमच्या त्या जिवाला मेक्सिकोतल्या मिचोआकानच्या डोंगरांपर्यंत जायचं असतं. उन्हाळ्यात जन्मलेलं मोनार्क काही आठवड्यांत मरतं, पण सप्टेंबरची ही पिढी वेगळी, ती अंडी घालायचं पुढे ढकलते आणि आठेक महिने जगते. यातल्या एकानेही मेक्सिको आधी बघितलेला नसतो, पणजोबा-खापरपणजोबा तिकडून निघालेले असतात, आणि तरी ही बरोबर त्याच फरच्या जंगलात जाऊन बसतात. टोरांटोचे फ्रेड अर्कुहार्ट नावाचे प्राणिशास्त्रज्ञ वर्षानुवर्षं पंखांना कागदी टॅग चिकटवून ही जाताहेत कुठे ते शोधत होते, ते ठिकाण शास्त्रज्ञांना १९७५ मध्ये सापडलं. तिथल्या गावकऱ्यांना अर्थातच आधीपासून ठाऊक होतं, त्यांना कोणी विचारलं नव्हतं इतकंच.

रात्री ही फुलपाखरं कॉटनवुडच्या, विलोच्या फांद्यांना घोस करून लटकतात. सकाळी पारा साधारण १३ डिग्रीच्या खाली असेल तर त्यांना उडताच येत नाही, उन्हाने अंग तापेपर्यंत तशीच बसून राहतात. म्हणजे बघायची वेळ सकाळी नऊच्या आधी, आणि तेव्हा फांदी हलवून "उड ना उड ना" करायचं नाही. हे वाक्य मी हौसेने घातलेलं नाही.

आणि या फुलपाखराशी आपलं नातं अगदीच लांबचं नाहीये. मोनार्कची अळी फक्त मिल्कवीड खाते. मिल्कवीड म्हणजे आपल्या रुईच्याच कुळातलं झाड, तोच पांढरा चीक, तशाच शेंगा फुटून उडणाऱ्या म्हाताऱ्या. शनिवारी मारुतीला ज्या रुईच्या पानांचा हार घालतो ती पानं खाऊन आपल्याकडे मोनार्कचं सख्खं चुलत भावंड वाढतं, प्लेन टायगर, दिसायलाही बरंचसं तसंच. त्या चिकातलं विष अळी अंगात साठवते म्हणून पक्षी तिच्या वाटेला जात नाहीत, हे गणित दोन्हीकडे एकच. मुलांना शाळेतलं प्रोजेक्ट समजावताना हे सांगा, बाकी त्यांना रुई माहीत असायचं कारण नाही.

आता स्पीकर. मागे एका मंडळाने (नाव घेत नाही, त्यांचं त्यांना कळेल) सकाळी साडेआठला गल पॉइंटच्या ट्रेलच्या तोंडाशी ब्लूटूथ स्पीकरवर ढोल-ताशा लावला होता, वॉर्म-अप म्हणून. मला ढोल-ताशा आवडतो. पण त्या वेळी त्या झुडपांमध्ये कोण असतं ते सांगते. वॉर्बलर, किंगलेट, थ्रश, हे बारके पक्षी प्रवास रात्री करतात, रात्रभर उडून, पाणी ओलांडून, पहाटे इथे उतरतात आणि उतरल्या उतरल्या खायला लागतात, कारण पुढच्या रात्रीचं पेट्रोल त्यांना आजच भरायचं असतं. ब्लॅकपोल वॉर्बलर म्हणून एक आहे, वजन साधारण १२ ग्रॅम. फॉलमध्ये खाऊन खाऊन ते जवळपास दुप्पट होतं, आणि मग तो अटलांटिकचा किनारा गाठून तिथून समुद्रावरून थेट निघतो. २०१५ मध्ये छापून आलेल्या अभ्यासात त्यांच्या पाठीवर बारीक यंत्रं बसवून मोजलं होतं, न थांबता दोन-तीन दिवसांत २,२७० ते २,७७० किलोमीटर, कॅरिबियनपर्यंत, आणि तिथून पुढे दक्षिण अमेरिका. अशा पक्ष्याला सकाळी तीन-चारदा उठवून उडवलं तर त्याचं किती नुकसान होतं ते तुम्हीच बघा, खाणं राहिलं आणि होतं ते फॅटही जळलं. दुपारी शेल्टरपाशी, जेवणानंतर, लावा की गाणी, कोण नाही म्हणतंय. सकाळी ट्रेलवर नको.

त्याच गल पॉइंटबद्दल दुसरी गोष्ट. टोकाचा तो भाग १ एप्रिल ते ३० नोव्हेंबर लोकांसाठी बंद असतो, तशा पाट्या आहेत, इंग्रजीत आहेत आणि आपल्या सगळ्यांना इंग्रजी येतं. बीच १० कडून ट्रेलने लाकडी प्लॅटफॉर्मपर्यंत जाता येतं, तिथून दुर्बिणीने सगळं दिसतं. पाटीच्या पलीकडे जाऊन फोटो काढणारे दरवर्षी असतात, सगळे मराठी नसतात, पण असतात. ही बंदी उगाच नाहीये, २०१७ मध्ये इथे पायपिंग प्लोव्हर नावाच्या दुर्मिळ किनारी पक्ष्याने घरटं केलं आणि पिल्लं काढली, अख्ख्या पेनसिल्व्हेनियात ६० वर्षांहून जास्त काळाने पहिल्यांदा. फॉलमध्ये ते नसतात, पण त्या वाळूवर सँडरलिंग असतात, पांढुरके, बारके, लाटेच्या पुढेमागे तुरुतुरु पळणारे, आणि ते बाकीच्या बीचवरही येतात. आता पाच-सात वर्षांच्या पोरांना असा थवा दिसला की ती धावत सुटणार, तो त्यांचा स्वभाव, त्यावर माझं काही म्हणणं नाही. माझं म्हणणं त्या बाबांबद्दल आहे जे मागून स्लो-मो लावून "परत पळ, परत पळ, आता बरोबर येईल" म्हणतात. सँडरलिंग आर्क्टिकमधून आलेले असतात. याच जातीचे पक्षी हिवाळ्यात अलिबागला, रत्नागिरीला, कोकणातल्या कुठल्याही लांब वाळूच्या किनाऱ्यावर दिसतात, ते तिकडच्या आर्क्टिकमधून, सैबेरियाच्या बाजूने. पोरांना हे सांगून वाळूत पोटावर झोपवा आणि हलू नका म्हणा, मग पक्षी चालत दहा फुटांवर येतात, रीलही चांगलं होतं.

दसरा साधारण पिकनिकच्या आसपासच येतो, त्यामुळे सोनं. इथे आपटा नाही म्हणून लाल-पिवळी पानं गोळा करून एकमेकांना द्यायची ही आयडिया मला मनापासून आवडते (भारतात तरी काय, आपटा म्हणून कांचनच विकतात). पण या पार्कात सगळ्यात आधी, सगळ्यात सुंदर, अगदी शेंदरी-लाल होणारी पानं कुठली, तर पॉइझन आयव्हीची. प्रेस्क आइलला ती सगळीकडे आहे, जमिनीवर, झुडपासारखी, कॉटनवुडवर वेल होऊन पार वरपर्यंत. एका देठावर तीन पानं, मधल्याचा देठ लांब. त्यात उरुशिऑल नावाचं तेल असतं, आणि बिब्बा उतणं म्हणजे काय हे ज्यांना घरच्या आजीने दाखवलंय त्यांना वेगळं सांगायला नको, कारण बिब्बा, आंबा, काजू आणि ही वेल सगळे एकाच कुळातले. ज्यांना आंब्याच्या चिकाने तोंडाला फोड येतात त्यांनी तर दुप्पट जपावं. एका वर्षी कोणीतरी अशा पानांचं सुंदर तबक सजवलं होतं, आपुलकीने सगळ्यांच्या हातात एकेक पान, "सोनं घ्या, सोन्यासारखे राहा", पुढचे दोन आठवडे ग्रुपवर फक्त कॅलमाइन लोशनची चर्चा. झाडावरून तोडू नका, पार्किंगमध्ये पडलेली मेपलची घ्या. पाच पानांची लाल वेल असते ती व्हर्जिनिया क्रीपर, ती वेगळी, पण खात्री नसेल तर तिलाही हात नको.

आणि ही पॉइझन आयव्ही उपटून टाका असं पार्कवाल्यांना लिहायला जाऊ नका, तसं एकांनी लिहायचं ठरवलं होतं. तिला पांढरट, मेणचट फळं येतात आणि यलो-रम्प्ड वॉर्बलरपासून सुतारपक्ष्यापर्यंत कित्येक पक्षी ती खाऊन पुढे जातात. तिची पानं बाकी झाडांच्या आधी लाल होतात ती वरून उडणाऱ्या पक्ष्यांना "इथे फळ तयार आहे" हे कळावं म्हणून, असं काही शास्त्रज्ञांचं म्हणणं आहे. म्हणजे तो कलर आपल्यासाठी नव्हताच.

आता नाजूक विषय, पोळी. काका-काकू, आजी-आजोबा व्हिजिटर व्हिसावर आलेले असतात, सहा महिने घरात बसून कंटाळलेले, इथे लगूनपाशी बदकं आणि गीझ दिसले की पिशवीतून ब्रेड निघतो, पोळीचे तुकडे निघतात, मुक्या जिवाला घातलं की पुण्य. त्यांना मी काही बोलत नाही, माझी आईही तेच करायची. पण मंडळाच्या ईमेलमध्ये आपण ठळक अक्षरात लिहू शकतो की पेनसिल्व्हेनियाच्या स्टेट पार्कात वन्यप्राण्यांना खाऊ घालायला बंदी आहे आणि का आहे. ब्रेडने पोट भरतं, पण प्रवासाला लागणारं पोषण मिळत नाही, वाढत्या पिल्लांच्या पंखांचं शेवटचं हाड वळून पंख बाहेर फाकू शकतो, आणि मग तो पक्षी कधीच उडू शकत नाही. शिवाय एका जागी गर्दी झाली की रोग पसरतो, आणि गेल्या काही वर्षांत बर्ड फ्लूने तर कहर केलाय. मुक्या जिवाला घालायचंच असेल तर घराच्या अंगणात मिल्कवीड आणि ॲस्टर लावा, फॉलमध्ये ॲस्टरवर किती जीव जेवतात ते खिडकीतून आजीला बसून बघता येईल.

(गंमत म्हणजे इथून तासाभराच्या ड्राइव्हवर पायमॅटुनिंग लेकला लाइन्सविलचा स्पिलवे आहे, तिथे लोक पिढ्यान्‌पिढ्या ब्रेड टाकताहेत, कार्प मासे एकमेकांवर इतके चढतात की बदकं माशांच्या पाठीवरून चालत जातात, आणि ते टुरिस्ट अट्रॅक्शन म्हणून प्रसिद्ध आहे. स्टेट पार्कच आहे तेही. नियम सगळीकडे सारखा लागत नाही, आपल्याला याचं आश्चर्य वाटायचं कारण नाही. मला ते दृश्य बघवत नाही, पण आजोबांची हौस फारच असेल तर तिकडे न्या, इथे नको.)

ऑक्टोबर-नोव्हेंबरात बीचवर कधीकधी मेलेले पक्षी दिसतात, लून आणि मर्गान्झर (दोन्ही मासे खाणारे पाणपक्षी), गल. हात लावू नका, मुलांना आणि कुत्र्याला लांब ठेवा, पार्क ऑफिसला सांगा. १९९९ पासून पुढची काही वर्षं लेक इरीवर असे हजारो पक्षी मेले, टाइप ई बोट्युलिझमने, आणि त्यामागची साखळी ऐकण्यासारखी आहे. जहाजांच्या बॅलास्टच्या पाण्यातून काळ्या समुद्राच्या बाजूचे झेब्रा आणि क्वागा नावाचे शिंपले इथे आले, ते पाणी गाळून इतकं स्वच्छ करतात की ऊन तळापर्यंत पोचतं, तळाशी शेवाळ माजतं, मरून कुजतं, ऑक्सिजन संपतो, त्या चिखलात जिवाणू विष तयार करतात, ते शिंपल्यांत जातं, शिंपले राउंड गोबी नावाचा मासा खातो, तोही बाहेरचाच, आणि विषाने अर्धमेला झालेला, सहज सापडणारा गोबी दक्षिणेला निघालेला लून गिळतो. पाणी निळंशार दिसतंय म्हणजे लेकची तब्येत छान आहे असं जे आपण फोटोखाली लिहितो ना, ते तितकंसं खरं नाही.

विसर्जनाबद्दल मला फार भाषण द्यायचं नाहीये कारण बरीच मंडळं आता शाडूची मूर्ती आणि पाण्याचा टब यावर आलीत. जी अजून बीचवर येतात त्यांना सांगते, लेक इरीवर सुमारे १ कोटी १० लाख लोकांचं पिण्याचं पाणी चालतं. २०१४ च्या ऑगस्टमध्ये विषारी हिरव्या शेवाळामुळे टोलेडोच्या जवळपास ४ लाख लोकांना तीन दिवस नळाचं पाणी पिऊ नका म्हणून सांगावं लागलं होतं. आपल्या दोन मूर्तींनी आणि चार नारळांनी ते झालं नाही, प्रामाणिकपणे बोलायचं तर तो फॉस्फरस मुख्यतः शेतांतून वाहून येतो, तेव्हा धर्मावर घसरायचं कारण नाही. पण प्लास्टरची मूर्ती विरघळत नाही, लाट ती दुसऱ्या दिवशी तशीच्या तशी परत आणून ठेवते, आणि बाप्पाचा अर्धा हात वाळूत सापडणं हे कोणालाच बघवत नाही. निर्माल्याची प्लास्टिक पिशवी, मोत्यांच्या माळा आणि तो चकाकता दोरा मात्र थेट पक्ष्यांच्या पायात अडकतो. गणपती बहुतेक वर्षी सप्टेंबरात येतात, बरोबर मोनार्कच्या आठवड्यांत. टबात विसर्जन करून मग सकाळी सगळे फुलपाखरं बघायला या, उंदीरमामाही खूश.

ड्रोन नको, इथे चालत नाही, संपला विषय. कोजागिरीचं मसाला दूध बीचवर प्यायची आयडिया दरवर्षी कोणीतरी टाकतं, पार्क सूर्यास्ताला बंद होतं, तोही विषय संपला.

एक मात्र सांगायला हवं, कारण त्यावरून ग्रुपवर मोठा गोंधळ झाला होता. नोव्हेंबरात इथे बंदुकीचे आवाज येऊ शकतात. ठरावीक जागी, परवाना काढून बदकांची शिकार चालते, हरणांचीही नियंत्रित शिकार होते. घाबरू नका, ट्रेलवर केशरी जॅकेट किंवा टोपी घाला आणि पाट्या बघून चाला. "पार्कात शिकार? हे लोक म्हणजे ना!" असं म्हणणाऱ्या माझ्या शाकाहारी मैत्रिणींना नम्रपणे सांगते, १९३४ पासून बदकांच्या शिकाऱ्याला दरवर्षी फेडरल डक स्टँप विकत घ्यावा लागतो आणि त्या पैशातून या देशात पाणथळ जमिनी घेऊन राखल्या जातात. मी शिकारीच्या बाजूची नाही, पण पहाटे पाचला थंडीत तीन तास गप्प बसून राहणाऱ्या त्या माणसाला कुठलं बदक कुठल्या वाऱ्याला येतं हे माहीत असतं, आणि आपल्याला लॉनवरचा गूज आणि स्वान यातला फरक सांगताना फोन काढावा लागतो. आणि तो स्टँप शिकार न करताही घेता येतो, पोस्ट ऑफिसात मिळतो, मंडळाच्या बजेटमध्ये सहज बसेल.

तर माझी मागणी अशी आहे. एकच मोठी ऑक्टोबर पिकनिक करण्याऐवजी दोन छोट्या करा. पहिली सप्टेंबरच्या मध्यात, आणि तारीख आधीपासून दगडावर कोरू नका, दोन-तीन दिवस आधी हवामान बघून शनिवार की रविवार ते ठरवा, थंड वारा उत्तरेकडून आला की निघा. नाश्त्याच्या आधी फुलपाखरं, मग प्लॅटफॉर्म, मग शेल्टरला मिसळ, दुपारी हवी तेवढी गाणी आणि खो-खो. दुसरी नोव्हेंबरच्या मध्यावर, आणि इथे मला माहीत आहे तुम्ही काय म्हणणार, थंडी असते, काही नसतं तिकडे. तेव्हाच तर असतं. पानं गळून गेल्यावर झाडांमधलं दिसायला लागतं, लेकवर रेड-ब्रेस्टेड मर्गान्झर हजारोंनी उतरलेले असतात, वायव्येचा वारा सुटला की टुंड्रा स्वान आर्क्टिककडून येतात आणि चेसापीक बेकडे, नॉर्थ कॅरोलायनाकडे जातात, पांढऱ्याशुभ्र रांगा, आणि दिसायच्या आधी त्यांचा आवाज येतो. पार्किंगला गर्दी शून्य. हरणांचा माज याच दिवसांत असतो, नर रस्त्यावर आडवेतिडवे येतात, तेव्हा संध्याकाळी त्या १३ मैलांच्या रस्त्यावर गाडी हळू चालवा. आणि लेक इफेक्टचा, म्हणजे लेकवरून येणाऱ्या बर्फाचा, अंदाज बघूनच निघा, या शहराने २०१७ च्या ख्रिसमसला एका दिवसात ३४ इंच बर्फ बघितलाय, आम्ही त्याच्या गप्पा अजून मारतो.

ज्यांना ऑक्टोबर सोडवतच नाही त्यांनी निदान तिसऱ्याऐवजी चौथा शनिवार धरावा, कलर्सचा चान्स जास्त. पण चाळीस गाड्या एकदम नको.

मंडळाच्या पैशातून चार-पाच बऱ्या दुर्बिणी घ्या, ८ बाय ४२ च्या, गणेशोत्सवाच्या साउंड सिस्टिमच्या एका दिवसाच्या भाड्यात येतात. मुलांसाठी फेस पेंटिंगवाली बोलावता तिच्याऐवजी एकदा पार्कच्या तोंडाशीच असलेल्या टॉम रिज सेंटरला फोन करा, तिथे या सगळ्याचं प्रदर्शन आहे, फुकट आहे आणि थंडी वाजली तर हीटरही आहे. गल पॉइंटच्या ट्रेलवर कधीकधी पाणी साचतं, तेव्हा पांढरे स्नीकर आणि पैठणी दोन्ही घरी ठेवा.

पुढचा पोल टाकाल तेव्हा त्यात सप्टेंबर आणि नोव्हेंबर हे दोन ऑप्शन असावेत एवढी विनंती. सप्टेंबर निवडलात तर मिसळीचा कट माझ्याकडे लागला, पाव क्लीव्हलँडवाल्यांनी आणायचे, मागच्या खेपेचे पिट्सबर्गचे कडक होते.

आपली नम्र,
एक इरीकर